काटा वजन सांगतो, बाकीचं कोण सांगणार?

कंट्रोल सिस्टिमच्या पेपरात फीडबॅक लूप आपण सगळ्यांनीच काढलाय. तसाच एक लूप प्रत्येक लहान मुलाच्या शरीरात चोवीस तास चालू असतो. जेवल्यावर रक्तातली साखर वाढते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं आणि 'साखर उचला, साठवा' असा निरोप पेशींना जातो. थोड्या इन्सुलिनमध्ये काम भागलं, तर संवेदनशीलता चांगली. पेशी ऐकेनाशा झाल्या की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओततं. गंमत म्हणजे साखरेचा रिपोर्ट तरीही नॉर्मलच येतो!

एक सोपा हिशोब बघा. उपाशीपोटीची साखर गुणिले इन्सुलिन, भागिले ४०५. याला 'होमा' म्हणतात. दोन मुलांची साखर ९०च आहे, पण इन्सुलिन एकाचं ६ आणि दुसऱ्याचं १२. उत्तरं येतात १.३३ आणि २.६७. आउटपुट सारखं, पण दुसऱ्याचं मशीन दुप्पट लोडवर चाललंय.

यात वजनाचा संबंध काय? चरबी साठवायची जागा कमी पडली की ती यकृतात आणि स्नायूंत शिरते आणि तिथे इन्सुलिनचा निरोप अडतो. म्हणून लठ्ठ मुलांत संवेदनशीलता सहसा कमी असते. वयात येताना तर सडपातळ मुलांतही ती काही काळ घटते. त्यात लठ्ठपणाची भर पडली की लोड आणखी वाढतो.

पण 'आमचा बंड्या बारीक आहे, त्याला काय होतंय' असं म्हणू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ वर्षांच्या ४७७ मुलांची तपासणी केली. १९९९ साली निष्कर्ष छापून आला: जन्मतः वजन कमी, पण आठव्या वर्षी अंगावर चरबी जास्त, अशा मुलांत इन्सुलिनला विरोध सर्वांत जास्त! पुण्याजवळच्या खेड्यांतल्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपल्या बाळांचे स्नायू बरेच कमी होते, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे काटा 'किती' ते सांगतो, 'कशाचं' ते सांगत नाही.

मग करायचं काय? मुलांना उपाशी ठेवायचं नाही, ती वाढीची वर्षं आहेत. पण बारीक जन्मलेल्या बाळाला 'बाळसं धरू दे' म्हणून पोट भरल्यावरही भरवत राहणं बरं नव्हे. इन्सुलिनच्या निरोपावर साखर उचलणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. त्यामुळे रोजच्या पळापळीने वजन फारसं उतरलं नाही तरी संवेदनशीलता सुधारते. खो-खो, लंगडी, सायकल, काहीही चालेल.

घरी मुलं असलेल्या सरांनी, मॅडमनी आणि मेसच्या काकांनी आणखी एक लक्षात ठेवावं. मुलाच्या मानेवर किंवा काखेत काळपट, जाडसर, मखमलीसारखा पट्टा दिसला आणि घासूनही गेला नाही, तर तो मळ नसून वाढलेल्या इन्सुलिनची खूण असू शकते. पोराला रागावत दगडाने घासू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि सुट्टीत घरी गेलात की धाकट्या भावंडाला टीव्हीसमोरून उठवून मैदानावर न्या. तेवढंच तुमचंही चालणं होईल!