कण्याला कोणी हात लावत नाही

वसईच्या माणिकपूरमधल्या एका ओळखीच्या घरातली गोष्ट. थोरल्याला रक्ताचा कर्करोग, धाकट्याच्या पेशी त्याच्याशी जुळलेल्या, डॉक्टरांनी प्रत्यारोपणाची तारीखही सुचवलेली. पण आई अडून बसली. "एकाला वाचवता वाचवता दुसऱ्याचा कणा मोडायचा का? त्याचं लग्न व्हायचंय अजून. उद्या पाण्याचा कॅन तरी उचलता येईल का त्याला?"

ही भीती तिची एकटीची नाही. 'बोनमॅरो' म्हटलं की आपल्याकडे माणसाचा हात आधी पाठीवर जातो. पण पाठीच्या कण्यात असतो मज्जारज्जू आणि रक्त तयार करते अस्थिमज्जा, म्हणजेच बोनमॅरो; दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. 'मज्जा' हा शब्द दोन्हीकडे आल्याने घोटाळा होतो. अस्थिमज्जा काढायचीच झाली तर भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून काढतात. हल्ली बहुतेक वेळा तेही करावं लागत नाही. दात्याला चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात, त्यामुळे मूळ पेशी मज्जेतून रक्तात उतरतात. मग एका हातातून रक्त घ्यायचं, यंत्राने पेशी वेगळ्या काढायच्या आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातात परत सोडायचं. चार-पाच तासांचं काम. इंजेक्शनांच्या दिवसांत हाडं ठणकतात, ताप आल्यासारखं वाटतं. दिलेल्या पेशी शरीर काही आठवड्यांत भरून काढतं.

'ट्रान्सप्लांट' हा शब्दही असाच फसवा. नातेवाईक ऑपरेशन थिएटर कुठे आहे विचारत राहतात आणि पेशी रक्ताच्या बाटलीसारख्या स्टँडला टांगून नळीतून जातात. मायलोमासारख्या रक्ताच्या कर्करोगात रुग्णाच्या स्वतःच्याच पेशी काढून, बऱ्याचदा गोठवून ठेवतात. त्या देताना गोठवण्यासाठी वापरलेल्या द्रव्याचा लसणीसारखा वास खोलीत पसरतो. खरी कसोटी आधी आणि नंतर असते. आधी जबर केमो देऊन जुनी मज्जा मोकळी करतात, नंतर नव्या पेशी रुजेपर्यंत दोन-तीन आठवडे तोंड सोललेलं आणि साधा सर्दीचा जंतूही जिवावर बेतणारा.

'रक्तगट एकच हवा' हे तर सरसकट ऐकू येतं. जुळावं लागतं ते एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण. अर्धी आईकडून, अर्धी वडिलांकडून. रक्तगट वेगळा असला तरी चालतो, उलट रुग्णाचा गट काही महिन्यांत बदलून दात्याचा होतो! एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता प्रत्येक सख्ख्या भावंडामागे चारात एक. वसईच्या वाडीतल्या घरांत पूर्वी सहा-सात भावंडं असत, आता एक किंवा दोन. म्हणून अर्ध्या जुळणीचं प्रत्यारोपण फार महत्त्वाचं ठरलं. त्यात आई, बाप, पोटचं मूल, कोणीही दाता होऊ शकतं.

'मुलाची नाळ जपून ठेवली की काळजी मिटली' असं सांगणाऱ्या एजंटांबद्दल मला चीड आहे. ल्युकेमिया झालेल्या मुलाला त्याच्याच नाळेतलं रक्त सहसा देत नाहीत, कारण बिघाडाचं बीज त्यातच असू शकतं. पुढे स्वतःला लागेल म्हणून नाळ खासगी बँकेत ठेवण्याची शिफारस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदही (आयसीएमआर) करत नाही.

हे सगळं परदेशातलं, असंही कोणी म्हणतं. पण देशातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये परळच्या टाटा रुग्णालयात झालं. डॉ. सुरेश अडवाणींनी नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. पोलिओमुळे हे डॉक्टर स्वतः व्हीलचेअरवर.

आता नवी हवा कार-टी पेशींची. ही मूळ पेशींची चिकित्सा नव्हे आणि कर्करोगाची लसही नव्हे. रुग्णाच्याच रोगप्रतिकारक टी-पेशी काढून, त्यांच्या जनुकांत बदल करून, सीडी१९ ही खूण असलेल्या पेशी हेरायला शिकवतात आणि परत सोडतात. आयआयटी मुंबईचे राहुल पुरवार आणि टाटा रुग्णालयाचे डॉक्टर यांनी घडवलेल्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेत जो खर्च तीन-चार कोटींच्या घरात जातो, तो इथे साधारण ३० ते ४० लाखांवर आला. स्वस्त नव्हेच, पण निदान वाडी विकण्याच्या हिशेबात बसणारा.

मात्र ही चिकित्सा चालते बी-पेशींच्या ल्युकेमिया-लिम्फोमावर आणि तेही आजार उलटल्यावर किंवा नेहमीच्या औषधांना दाद देत नसल्यावर. फुप्फुसाच्या किंवा स्तनाच्या गाठीसाठी ती मागू नये. नेक्सकार१९ च्या चाचणीत मूल्यमापन झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्क्यांनी प्रतिसाद दिला. प्रतिसाद म्हणजे कायमचं बरं होणं नव्हे. काहींचा आजार पुन्हा उलटतो, काहींना त्यानंतरही प्रत्यारोपण लागतं. पेशी सोडल्यावर सडकून ताप, रक्तदाब खाली जाणं हेही घडतं, म्हणून रुग्णाला डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवतात.

त्या आईला शेवटी धाकट्यानेच गप्प केलं. पेशी देऊन झाल्यावर थोडा आराम करून तो दादरहून विरार लोकलने वसई रोडला उतरला. बसायला जागा मिळाली नव्हती. घरी आल्यावर दाराशी आलेला पाण्याचा कॅन त्यानेच आत नेला, तिच्या डोळ्यांदेखत.