लेसर-प्रेरित अनुस्फुरण
लेसर-प्रेरित अनुस्फुरण हे वाहत्या द्रवातील रंगद्रव्याची संहती प्रवाहात अडथळा न आणता मोजण्याचे प्रकाशीय तंत्र आहे. पाण्यात ऱ्होडामाइन ६जी अत्यल्प प्रमाणात मिसळून ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरव्या लेसर प्रकाशाचा पातळ पडदा प्रवाहातून सोडतात. रंगद्रव्य तो शोषून अधिक तरंगलांबीचा पिवळसर प्रकाश उत्सर्जित करते. कॅमेऱ्यापुढील गाळणी फक्त हाच प्रकाश आत येऊ देते. संहती अल्प असेपर्यंत त्याची तीव्रता संहतीच्या समप्रमाणात असते. म्हणून ज्ञात संहतीच्या द्रावणांशी तुलना करून प्रत्येक बिंदूची संहती काढता येते. संहती वाढल्यास लेसर प्रकाश वाटेतच शोषला जातो आणि पुढील भागातील संहती प्रत्यक्षाहून कमी भासते. नदीत सोडलेले सांडपाणी किती अंतरावर किती विरळ होते, हे प्रयोगशाळेतील प्रतिकृतीत अभ्यासण्यासाठी हे तंत्र उपयुक्त ठरते.