अँकरच्या कानातला आवाज

थेट प्रक्षेपणात अँकर बोलत असतो, तेव्हाच तो ऐकतही असतो. कानातल्या इअरपीसमधून त्याला चालू कार्यक्रमाचा आवाज मिळतो आणि मध्येच तो आवाज दाबून निर्मात्याची सूचना येते: ‘तीस सेकंद उरलेत’, ‘नागपूर तयार आहे’, ‘पुढची बातमी सोड’. प्रसारण क्षेत्रात या व्यवस्थेला आयएफबी म्हणतात. बोलताना टॉकबॅक हा शब्दही चालतो.

सूचनेचा उगम पीसीआरमध्ये, म्हणजे नियंत्रण कक्षात होतो. निर्मात्यासमोरच्या पॅनेलवर प्रत्येक अँकर आणि वार्ताहरासाठी स्वतंत्र बटण असते. ते दाबले की त्या एकाच माणसाच्या कानातला कार्यक्रम मंद होतो किंवा पूर्ण थांबतो आणि निर्मात्याचा आवाज ऐकू येतो. सोडले की कार्यक्रम पूर्ववत होतो. कॅमेरा, प्रकाश आणि ध्वनी सांभाळणाऱ्यांची सामाईक संभाषणवाहिनी वेगळी असते. तिथली सततची बोलणी अँकरच्या कानापर्यंत पोचू दिली जात नाहीत.

पुढचा टप्पा कमरेला लावायच्या बेल्टपॅकचा. स्टुडिओत तो केबलने जोडलेला किंवा वायरलेस असतो आणि आवाज कमीजास्त करण्याचे बटण त्यावरच असते. त्याला जोडलेला चिमुकला स्पीकर कॉलरमागे लपवतात. तिथून पारदर्शक, वेटोळ्यांची नळी आवाज कानापर्यंत नेते. नळीत विजेचा कोणताही भाग नसतो, तिच्यातून केवळ ध्वनिलहरी जातात. रोज पडद्यावर येणारे अनेक जण ऑडिओलॉजिस्टकडे कानाचा साचा देऊन स्वतःच्या मापाचा इअरपीस बनवून घेतात. तो सहज निसटत नाही आणि बाहेरचा गोंगाटही अडवतो. नळी अजिबात दिसायला नको असेल, तर कपड्यांखाली गळ्यात तारेचा वेढा घालतात. त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून कानातला बॅटरीवरचा सूक्ष्म इअरपीस आवाज पकडतो. मात्र जवळच्या विद्युत उपकरणांची गुणगुण त्यात शिरू शकते.

कानात काय पोचवायचे याइतकेच काय पोचू द्यायचे नाही, हेही महत्त्वाचे असते. बाहेरगावच्या वार्ताहराला स्टुडिओशी जोडणारा भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवर असतो. तिथपर्यंत जाऊन खाली यायला संकेताला साधारण पाव सेकंद लागतो आणि त्याच मार्गाने परत यायला आणखी तितकाच. स्वतःचा शब्द असा उशिरा कानावर पडला, तर वार्ताहर अडखळतो. सुमारे 200 मिलिसेकंदांचा विलंब तर बोलण्यात सर्वाधिक अडथळा आणतो. म्हणून वार्ताहराला पाठवल्या जाणाऱ्या मिश्रणातून त्याचा स्वतःचा आवाज वगळतात. यालाच मिक्स-मायनस म्हणतात. तीन गावांतून तीन वार्ताहर बोलत असतील, तर तीन वेगळी मिश्रणे तयार करावी लागतात. त्यात चूक झाली की इअरपीसमधून झिरपलेला आवाज माइकमध्ये शिरतो आणि प्रेक्षकांनाही प्रतिध्वनी ऐकू येतो.

विलंब मात्र या उपायाने नाहीसा होत नाही. अँकरचा प्रश्न संपल्यावर वार्ताहर क्षणभर गप्प दिसतो, तो यामुळेच. मोबाइल नेटवर्कवर चालणाऱ्या बॅकपॅक यंत्रांत चित्र पोचायला अनेकदा उपग्रहापेक्षाही जास्त वेळ लागतो. त्यामुळे परतीचा आवाज काही वेळा साध्या फोन कॉलवरून देतात.

क्रीडा समालोचकाची गरज निराळी असते. मैदानाच्या कोलाहलात दोन्ही कान झाकणारा हेडसेट लागतो. बऱ्याचदा एका कानात कार्यक्रम आणि दुसऱ्यात दिग्दर्शक, अशी विभागणी करतात. समोरच्या पेटीवर खोकण्यापुरता माइक बंद करणारे बटण असते. दुसरे बटण दाबले की समालोचकाचे बोलणे प्रक्षेपणात न जाता फक्त दिग्दर्शकाला ऐकू जाते.

तासन्‌तास मोठा आवाज कानाला घातक ठरतो. अमेरिकेतील नायोश ही संस्था कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी सरासरी 85 डेसिबलची मर्यादा सुचवते. म्हणूनच अचानक उसळणारा आवाज रोखणारा लिमिटर बसवणे हिताचे असते. यंत्रणा बंद पडलीच, तर स्टुडिओत फ्लोअर मॅनेजरच्या हातांच्या खुणा उपयोगी पडतात. थेट जाण्याआधी तीन गोष्टी तपासतात: सूचना योग्य माणसाला मिळते का, आवाजाची पातळी सोसवते का आणि बाहेरून बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येत नाही ना.