तंबोऱ्याची जवारी व गिटारची पट्टी

तंबोरा सुरांत लावला तरी कधीं कधीं त्याचा नाद मुका वाटतो. अशा वेळीं खुंट्या पिळून उपयोग नाहीं. दोष घोडींत असतो.

तंबोऱ्याची घोडी रुंद असून तिचा माथा किंचित् उतरता असतो. छेडलेली तार त्या उतारास अलगद स्पर्श करीत राहते. तारेखालीं घातलेला दोरा केसभर पुढेंमागें सरकविला म्हणजे हा स्पर्श नेमका साधतो व नाद एकाएकीं खुलतो. यासच जवारी म्हणतात. तार बरोबर मध्यावर छेडली असतां कांहीं उपस्वर निघूं नयेत, हा सामान्य नियम; तंबोऱ्यांत मात्र तेही निघतात, असें चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालीं दाखविलें.

अंधेरी-बोरिवलीकडील मुलांच्या हातीं असलेल्या नायलॉन तारांच्या गिटारची गोष्ट उलट आहे. तिच्या घोडीवरील पट्टी अरुंद असते व तार तेथून स्वच्छ सुटावी लागते. पट्टी फार उंच असल्यास बोटें दुखतात. फार ठेंगणी झाल्यास तारा पडद्यांवर आपटून खरखर होते. उंची कमी करावयाची असल्यास तारा सैल करून पट्टी काढावी व तिचा तळ थोडाथोडा घासावा. माथ्यास हात लावूं नये.

मिरजेच्या तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तेथील कारागीर घोडीवर कानस किंचित् फिरवितो, तार छेडून ऐकतो, मगच पुन्हा कानस उचलतो. विद्यार्थीमित्रहो, घासलेलें परत येत नाहीं. म्हणून हाताआधीं कान चालवावा.