संत ज्यूड यांच्याकडे काय मागतात?

झाशीच्या संत ज्यूड तीर्थमंदिरात २८ ऑक्टोबरच्या सणाला दूरदूरहून भाविक येतात. मेणबत्ती लावून हात जोडणारे पाहिले की अनेकांना वाटते, ख्रिस्ती लोक संतांनाही देव मानतात. असे वाटणे साहजिक आहे, पण तसे नाही. ज्यूड हे येशूच्या बारा प्रेषितांपैकी एक. त्यांच्याकडे मागतात ती मध्यस्थी (आपल्यासाठी देवाला केलेली विनवणी). ऑपरेशनला जाताना आपण शेजारच्या काकूंना ‘माझ्यासाठी देवाला सांगा’ म्हणतो, तसेच हे. कॅथलिक श्रद्धेनुसार मरणाने मंडळीतले (ख्रिस्ती समुदायातले) नाते तुटत नाही. म्हणून संतांनाही हाक मारता येते. प्रॉटेस्टंट सहसा तशी मारत नाहीत. मात्र उपासनेत आजाऱ्यांची नावे घेऊन तेही एकत्र प्रार्थना करतात, आणि मला या नात्याचा गाभा तिथेच दिसतो.