विश्लेषण : प्रतिकारशक्ती दाबणारे औषध तेच, मग दिवस बदलला की परिणाम का उलटतो?

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेटची गोळी सुरू असताना लस घ्यायची असेल, तर गोळी थांबवावी का? पूर्ण जुळणारा दाता नसेल, तर अर्धेच जुळणाऱ्या वडिलांची अस्थिमज्जा मुलाला चालेल का? वरवर पाहता या दोन प्रश्नांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही. पण दोन्हींचा धागा गेल्या शतकात ससे आणि उंदरांवर झालेल्या प्रयोगांपर्यंत जातो. प्रतिकारशक्ती दाबणारे औषध किती द्यायचे, याइतकेच ते केव्हा द्यायचे हेही महत्त्वाचे, हे त्या प्रयोगांनी दाखवले.

सशांमध्ये काय आढळले?

१९५९ मध्ये बोस्टनमधील रॉबर्ट श्वार्ट्झ आणि विल्यम डॅमशेक यांनी सशांना माणसाच्या रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन टोचले. सशाच्या शरीराला ते परके, त्यामुळे त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होणे अपेक्षित होते. पण त्याच वेळी सशांना ६-मर्कॅप्टोप्युरिन हे रक्ताच्या कर्करोगावरचे औषध दोन आठवडे देण्यात आले आणि प्रतिपिंडे तयार झाली नाहीत. औषध बंद केल्यावर तेच प्रथिन पुन्हा टोचले, तरी अनेक ससे गप्पच राहिले. मात्र वेगळे प्रथिन टोचताच प्रतिपिंडे दिसली. म्हणजे सगळी प्रतिकारशक्ती कोलमडली नव्हती; औषध सुरू असताना जे समोर आले, तेवढ्यापुरतीच ती थंडावली होती.

हे वाचून लंडनमधील तरुण शल्यचिकित्सक रॉय काल्ने यांनी मूत्रपिंड प्रत्यारोपण केलेल्या कुत्र्यांना हे औषध दिले. पुढे त्याच्याच जातकुळीतले अ‍ॅझाथायोप्रिन आले आणि मानवी प्रत्यारोपणाचा मार्ग खुला झाला. हा इतिहास बऱ्याचदा सांगितला जातो. त्याचा दुसरा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही.

१९६६ मध्ये श्वार्ट्झ यांच्याच प्रयोगशाळेत क्रम उलटा करून पाहिला गेला. आधी औषधाचा कोर्स, तो संपल्यावर परके प्रथिन. या सशांत प्रतिपिंडे कमी होण्याऐवजी वाढली! प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाने ती उसळवली होती.

असे का होते?

परक्या पदार्थाला ओळखणाऱ्या लिम्फोसाइट पेशी एरवी स्वस्थ असतात. तो पदार्थ दिसल्यावर साधारण एक-दोन दिवसांत त्या वेगाने विभागू लागतात. ६-मर्कॅप्टोप्युरिन, सायक्लोफॉस्फामाइड यांसारख्या औषधांचा मुख्य मारा विभागणाऱ्या पेशींवर असतो. म्हणून औषध परक्या पदार्थानंतर लगेच दिले, तर नेमक्या त्याच्याविरुद्ध उठलेल्या पेशी सापडतात. आधी दिले, तर त्या पेशी अजून निवांत असल्याने सुटतात. शिवाय प्रतिसादाला लगाम घालणाऱ्या पेशी मारल्या गेल्या, तर पुढची प्रतिक्रिया अधिकच जोरात येते.

क्ष-किरणांचे गणित याच्या उलट आहे. ते स्वस्थ लिम्फोसाइटनाही मारतात, पण प्रतिपिंडे तयार करू लागलेल्या पेशी त्यांना बऱ्यापैकी दाद देत नाहीत. त्यामुळे सशांना किरण परक्या प्रथिनाच्या एक-दोन दिवस आधी दिले तर प्रतिसाद दबतो, नंतर दिले तर फारसा फरक पडत नाही. थोडक्यात, ‘योग्य वेळ’ सगळ्यांसाठी एक नाही. ती औषधागणिक बदलते.

माणसांना याचा उपयोग काय?

सर्वात मोठा उपयोग अस्थिमज्जा प्रत्यारोपणात झाला. इथला धोका उलट्या दिशेचा असतो : दात्याच्या पेशीच रुग्णाच्या त्वचेवर, यकृतावर, आतड्यांवर हल्ला करतात. जपानमधील क्युशू विद्यापीठात उंदरांना परक्या उंदराच्या पेशी देऊन सुमारे दोन दिवसांनी सायक्लोफॉस्फामाइड दिले असता, त्याच दात्याची त्वचा पुढे स्वीकारली जात असल्याचे दिसले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील डॉक्टरांनी या कल्पनेवर काम करत माणसांसाठीची पद्धत बसवली. प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी, वजनाच्या दर किलोमागे ५० मिलिग्रॅम.

गंमत पुढे आहे. या पद्धतीत टॅक्रोलिमससारखी नेहमीची औषधे पाचव्या दिवसापासून सुरू होतात आणि त्याआधी स्टेरॉइडही शक्यतो टाळतात. ही औषधे लवकर दिली तर हल्लेखोर पेशींची विभागणीच मंदावेल आणि त्या सायक्लोफॉस्फामाइडच्या तावडीतून सुटतील, अशी ही धास्ती. रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींत मात्र हे औषध निष्प्रभ करणारे एन्झाइम भरपूर असते, म्हणून त्या तगून राहतात. अलीकडच्या उंदरांवरील अभ्यासांनुसार हल्लेखोर पेशी सगळ्या मरत नाहीत. काही नुसत्या निकामी होतात आणि नियंत्रक पेशी त्यांना आवरतात. कारणांवर वाद असला तरी या पद्धतीमुळे आई-वडील, भावंडे, मुले असे अर्धे जुळणारे दाते व्यवहारात आले. भारतासारख्या देशात, जिथे पूर्ण जुळणारा दाता शोधणे आणि परदेशातून पेशी आणणे अनेकांच्या आवाक्याबाहेरचे, तिथे हा फरक मोठा आहे.

आणि लसीचे काय?

इथे हेतू बरोबर उलटा : प्रतिसाद दाबायचा नाही, येऊ द्यायचा. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत कोविडच्या बूस्टरनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवलेल्या रुग्णांत प्रतिपिंडे सुमारे दुप्पट आढळली. पुण्यात तयार झालेली कोव्हिशिल्ड घेतलेल्या कोचीतील संधिवात रुग्णांच्या अभ्यासातही गोळी थांबवण्याचा फायदा दिसला. पण ब्रिटनमधील चाचणीत गोळी थांबवणाऱ्यांना आजार उसळल्याचा त्रासही जास्त झाला. त्यामुळे आजार आटोक्यात असेल तरच आणि डॉक्टरांनी सांगितले तरच ही सुट्टी घेता येते. मूत्रपिंड किंवा यकृत प्रत्यारोपण झालेल्यांना ती लागू नाही. त्यांनी लसीसाठी औषध थांबवले, तर शरीर बसवलेला अवयवच नाकारू शकते.