कारखान्याने साखरेशिवाय काय काय दिलं? मळी शेतात टाकण्याआधी हे वाचा

प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढं उसाच्या पट्ट्यात जागोजागी चिमण्या उभ्या राहिल्या. उसाचा दर आणि वजनकाटा यावर आपण रोज बोलतो. पण साखर सोडून तिथून जे बाहेर पडायचं, त्यावरही आपली घरं चालायची.

पहाटेच्या पाळीचा भोंगा झाला की धार काढायला उठायचं, घड्याळ कुणाकडं होतं? साखरेचं १०० किलोचं तागाचं पोतं रिकामं झालं की पावसाळ्यात त्याची खोळ, थंडीत अंथरूण आणि शेवटी दारात पायपुसणं. बॉयलरची राख भांडी घासायला. काजळी मात्र फुकट घरपोच, वाळत घातलेल्या धोतरावर!

आता हिशेब बघा. एक टन उसातून साधारण १०० ते ११५ किलो साखर निघते. बगॅस, म्हणजे चिपाडाचा ओला भुसा, २८० ते ३०० किलो. तो बॉयलरमध्ये जळतो, त्यावरच कारखाना चालतो आणि वीजही तयार होते. पातळ मळी ४० किलोच्या आसपास. तिच्यापासून अल्कोहोल आणि पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल होतं. तिच्यावर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असतं, त्यामुळं कॅन घेऊन गेलं की मिळाली असं होत नाही.

रस गाळून उरतो तो काळपट गाळ, प्रेसमड. आपण त्यालाही मळीच म्हणतो, घोळ तिथंच होतो. टनामागं हा ३५ ते ४० किलो निघतो. त्यात सेंद्रिय पदार्थ आणि स्फुरद चांगलं असतं. पूर्वी 'घेऊन जा' म्हणायचे. आता त्यापासून बायोगॅस आणि कंपोस्ट करतात, म्हणून पैसे पडतात.

पण ताजी मळी सरळ सरीत ओतू नका. कुजताना ती तापते, कोवळ्या मुळ्यांना झळ बसते, आणि कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र काही काळ स्वतःच ओढून घेतात. मग पीक पिवळं पडतं आणि आपण युरिया टाकत बसतो. बांधाला ढीग लावा, शेण मिसळा, ओल ठेवा, अधूनमधून उलथा. दोन-तीन महिन्यांत ढीग गार झाला, वास गेला आणि हातात माती-सारखी भुगा झाली की लागणीआधी रानात पसरा.

भाव ठरवताना एक विचारा, माल ताजा की मुरलेला? ताज्या मळीत निम्म्याहून जास्त पाणीच असतं. वीस-पंचवीस किलोमीटरवरून ट्रॉली आणायची तर भाडं त्या पाण्याचंच जातं.